थंडीतल्या मुक्कामाचं जळण: नाशिककरांनी कुऱ्हाड आणि करवत कशी निवडावी

डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी आली की नाशिकमध्ये धरणकाठच्या मुक्कामाचे बेत सुरू होतात. भावली, वैतरणा, मुकणे, काश्यपी, जरा लांब जायचं तर भंडारदरा. तंबू कोणाचा, भांडी कोणाची, गाड्या किती हे सगळं ठरतं. जळणाचा विषय निघाला की मात्र कोणीतरी म्हणतं, "ते बघू तिकडे गेल्यावर."

या "बघू तिकडे"नेच माझा पहिला मुक्काम वाया घालवला. भावलीजवळच्या ओळखीच्या शेतात आम्ही पाच जण होतो. शेतमालकांनी सुबाभळीचे चार लांब ओंडके दिले होते आणि आमच्याकडे घरून आणलेली एक जड, बोथट कुऱ्हाड होती. तिने ओंडका आडवा तोडायला घेतला. तासभर घाव घालून निम्मासुद्धा तुटला नाही. शेवटी एक घाव उसळला आणि पातं मैत्रिणीच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत रुतलं. तिच्या पायात चप्पल होती. त्या रात्री आम्ही शेकोटीशिवायच झोपलो, आणि परत येताना गाडीत फारसं कोणी बोललं नाही.

पुढे इगतपुरीकडच्या माझ्या मामांनी कुऱ्हाड हातात धरायला शिकवली, एका म्हाताऱ्या लोहारबाबांनी ती पारखायला शिकवली. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आमच्यासारखा प्रसंग येऊ नये म्हणून जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे.

सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आधी सांगते. लाकडाचे धागे उभे असतात. ते आडवे तोडायचे तर करवत हवी आणि उभे फोडायचे तर कुऱ्हाड. नवखा माणूस दोन्ही कामं कुऱ्हाडीने करायला जातो. त्यात दमतो आणि दमल्यावर जखमी होतो. एकच हत्यार घेण्याइतके पैसे असतील तर करवत घ्या, कुऱ्हाड पुढच्या वर्षी.

१. हत्याराच्या आधी जागा ठरवा

कुठे जाणार आहात यावर हत्यार न्यायचं की नाही हे ठरतं. आपल्याकडचे बरेचसे सुंदर डोंगर वनखात्याच्या ताब्यात आहेत. राखीव जंगलात आग पेटवणं, झाड तोडणं, फांदी छाटणं हे भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हे आहेत. कलम ५२ प्रमाणे अशा गुन्ह्यात वापरलेली हत्यारं आणि वाहनंही जप्त होऊ शकतात. वाळलेली फांदी उचलली तर काय बिघडलं, असा युक्तिवाद तिथे चालत नाही.

अभयारण्यात नियम आणखी कडक. भंडारदऱ्याच्या बाजूचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही आणि त्या कायद्याच्या व्याख्येत साधा चाकूही हत्यारात मोडतो. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला कलम ३० ची बंदी आहे. पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही जागा अभयारण्यच आहे.

थंडी सरताना डोंगरउतारावरचं गवत पार वाळलेलं असतं. एका ठिणगीने लागलेला वणवा अख्खी सोंड काळी करून जातो. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात वाढते, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. अशा ठिकाणी शेकोटीचा विचारही मनात आणू नका. स्टोव्ह आणि जाड कपडे न्या.

तेव्हा शेकोटी करायची ती खासगी शेतात, मालकाला विचारून. बरोबर इतके कागद ठेवा:

- मालकाची परवानगी. व्हॉट्सअॅपवरचा निरोप असला तरी चालेल, पण लिहिलेला हवा.
- लाकूड वखारीतून घेतलं असेल तर पावती. वाटेत कोणी विचारलं तर लाकूड कुठून आलं हे सांगता येतं.
- वनखात्याच्या किंवा गावच्या वन समितीच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरलं असेल तर त्याची पावती.
- प्रत्येकाचं ओळखपत्र.

भंडारदऱ्याच्या काठी तंबू लावून देणारे बरेच जण शेकोटीची लाकडं स्वतःच पुरवतात. तसं असेल तर कुऱ्हाड घरीच राहू द्या. आधी फोन करून विचारा, ओझं वाचेल.

२. लाकूड कोणतं मिळणार ते विचारून घ्या

हत्यार लाकडाच्या मापाने निवडायचं असतं. शेतातल्या काटक्या आणि मनगटाएवढ्या फांद्या मिळणार असतील तर घडीची करवत पुरते. मांडीएवढे ओंडके असतील तर मोठी करवत आणि कुऱ्हाड दोन्ही लागतात.

बाभूळ जळणात उत्तम. जड, कडक, आच जोरात आणि निखारा बराच वेळ टिकणारा. तिच्या काट्यांनी मात्र तंबूचा तळ आणि गाडीचं टायर दोन्हींची वाट लागते, म्हणून फांद्या साफ करूनच आत आणा. सुबाभूळ सरळ धाग्यांची, फोडायला सोपी. नवख्यांनी हीच मागावी. आंब्याचं लाकूड हलकं. वाळलेलं असेल तर झटकन पेटतं, पण लवकर संपतं. निलगिरीचे धागे एकमेकांत पिळलेले असतात. ओली असताना ती फुटते, वाळली की कुऱ्हाडीला दाद देत नाही. ती करवतीने आखूड तुकडे करूनच जाळा. चिंचेच्या वाटेला जाऊ नका. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो उगाच नाही, घाव सोसणं हाच तिचा गुण. एखादा तुकडा मिळालाच तर आपणही तो ठोकळा म्हणून वापरावा. शेवगा, पांगारा, सावर ही पोचट लाकडं. धूर जास्त, ऊब कमी.

नाशिकचा खास मेवा म्हणजे द्राक्षाच्या काड्या. ऑक्टोबर छाटणीच्या काड्या बांधावर पडलेल्या असतील तर डिसेंबरापर्यंत कडकडीत वाळतात आणि शेकोटी पेटवायला त्यांच्यासारखं काही नाही. हल्ली बरेच बागायतदार त्या बारीक करून बागेतच कुजवतात, म्हणून विचारूनच घ्या. आणखी एक काळजी: या काड्यांनी हंगामभर औषधांचे फवारे सोसलेले असतात. शेकोटीला त्या ठीक, पण त्यांच्या आचेवर थेट वांगं, कणीस किंवा भाकरी भाजू नका. स्वयंपाकाला बाभूळ ठेवा. जुनी बाग काढलेली असेल आणि द्राक्षाची खोडं मिळत असतील तर घ्या, ती सावकाश जळतात. तुराट्या, पऱ्हाट्या आणि मक्याच्या बिट्ट्याही पेटवणीला झकास.

काही झाडं अजिबात जाळू नका. कण्हेर विषारी आहे. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो आणि त्याचा धूरही तितकाच वाईट. थोर, शेर यांचा चीक डोळ्यात गेला तर रात्र दवाखान्यात जाते. रंगवलेली जुनी दारं आणि प्लायवूडही नको.

लाकूड वाळलेलं आहे का हे ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणटण वाजलं तर वाळलेलं, बद्द आवाज आला तर ओलं. वाळलेल्या ओंडक्याच्या तोंडावर मधून कडेला गेलेल्या भेगा दिसतात आणि साल सैल झालेली असते. पाच-सहा माणसांना संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत शेकायला आम्हाला वीस ते पंचवीस किलो वाळलेलं लाकूड लागतं. एवढं वखारीतून किंवा शेतकऱ्याकडून सहज मिळतं. हिरवं झाड तोडण्याचा प्रश्नच येऊ नये.

फोडायचं कशाला, तसंच जाळलं तर? धरणकाठी रात्रीचं दव इतकं पडतं की सकाळी तंबू निथळत असतो. लाकडाची साल ते दव पिते, पण आतलं लाकूड कोरडं राहतं. फोडलं की ते कोरडं अंग बाहेर येतं, धारदार कडा मिळतात आणि कडांना ज्योत लगेच धरते. गोल ओंडका अर्धा तास नुसता धुमसत राहतो.

३. करवत: पहिली खरेदी

दुकानात करवत मागितली की बहुतेक वेळा सुताराची करवत पुढे येते. तिचे दाते बारीक असतात, फळ्या कापण्यासाठी. जाड ओंडक्यात तिच्या दात्यांत भुसा भरतो आणि ती अडकते. आरीपातं तर लोखंडासाठी असतं. आपल्याला हवी ती छाटणीची करवत, मोठ्या दात्यांची. नाशिकमध्ये द्राक्षबागांमुळे कृषी सेवा केंद्रांत सिकेटरच्या, म्हणजे छाटणीच्या कात्रीच्या, शेजारीच ती टांगलेली असते. फाल्कनसारख्या देशी कंपन्यांच्या छाटणीच्या करवती तिथे मिळतात. मुक्कामाला जाणाऱ्यांमध्ये बाहको कंपनीची लॅपलँडर ही घडीची करवत नावाजलेली आहे, तिचं पातं १९० मिलिमीटरचं. दोन्ही प्रकार चालतात.

बघायचं ते असं. पात्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या किमान दुप्पट हवी, नाहीतर पातं पुढेमागे करायला जागाच उरत नाही. आठ इंचांच्या पात्याने चार इंचांपर्यंतचं लाकूड आरामात कापलं जातं. पातं डोळ्यांसमोर आडवं धरून दात्यांकडे पाहा. एक दाता किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे झुकलेला असला की चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. काही करवतींत हेच काम पात्याची पाठ पातळ ठेवून साधलेलं असतं. घडीच्या करवतीचं कुलूप उघडझाप करून पाहा. उघड्या अवस्थेत पातं जरासुद्धा डुगडुगत असेल तर ती घेऊ नका.

इथे एक खाचखळगा सांगते, कारण याने माझी एक करवत गेली. छाटणीच्या बहुतेक करवती ओढताना कापतात, ढकलताना नाही. सुताराच्या करवतीची सवय असलेला माणूस जोर लावून ढकलतो, पातं वाकतं आणि कट्कन मोडतं. ओढताना जोर, परत नेताना हात हलका. एवढं जमलं की शाळकरी मुलगीसुद्धा मनगटाएवढी फांदी मिनिटाभरात कापते.

मांडीएवढे ओंडके असतील तर धनुष्यासारख्या चौकटीची करवत घ्या. एकवीस किंवा चोवीस इंचांची पुरे. तिची पाती बदलता येतात आणि ती दोन प्रकारची असतात. नुसत्या त्रिकोणी दात्यांचं पातं वाळलेल्या लाकडासाठी. ठरावीक दात्यांनंतर मध्ये भुसा खरवडून काढणारा वेगळा दाता आणि खोल खाच असेल तर ते ओल्या लाकडासाठी. शेकोटीला वाळलेलंच लाकूड हवं, म्हणून पहिलं घ्या. दुकानदार बहुधा जे हाताशी असेल ते देतो. आपणच दात्यांकडे बघून मागायचं.

४. कुऱ्हाड

इथे घाई करू नका, कारण खराब कुऱ्हाड काम तर करत नाहीच, वर धोका वाढवते. मी एकदा ऑनलाइन एक देखणी छोटी कुऱ्हाड मागवली होती. काळं पातं, रबरी मूठ, मागे हातोडी आणि खिळे उपटायची खाच. बाभळीच्या तिसऱ्या घावाला धार दुमडली. पातं कच्च्या लोखंडाचं होतं, पोलादाचं नव्हतंच. एकाच हत्यारात चार कामांचं आमिष दाखवणाऱ्या कुऱ्हाडीपासून लांब राहा.

लोहारबाबांनी सांगितलेली परीक्षा सोपी आहे. कानस बरोबर न्या आणि धारेच्या कडेला हलकेच एकदा घासा. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली तर पातं मऊ, धार टिकणार नाही. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पातं फार कडक, गाठीवर घाव बसला की तुकडा उडेल. जरा अडत, जरा चावत गेली तर पाणी बरोबर दिलेलं आहे, म्हणजे पातं तापवून, बुडवून हवं तेवढंच कडक केलेलं आहे. "पोरी, पाणी बसलंय का ते रंगावरून कळत नाही, कानशीला विचार," असं ते म्हणत. ट्रकच्या कमानपट्ट्यांच्या पोलादाची कुऱ्हाड गावच्या लोहाराकडून किंवा आठवडे बाजारात पाल टाकणाऱ्या घिसाड्यांकडून करून घेता येते. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा घोटीच्या बाजारात शेतीची हत्यारं मांडलेली असतात, तिथे चक्कर मारा. समोर बसून पातं घडवून घेतलेली माझी कुऱ्हाड सहा हिवाळे टिकली आहे.

वजन आणि लांबी: मुक्कामासाठी पातं पाऊण ते एक किलो, दांडा पन्नास ते साठ सेंटिमीटर. माझा अनुभव या मापाचा आहे आणि घरातल्या सगळ्यांना तीच कुऱ्हाड पेलते. याहून मोठी, दीड किलोची आणि दीड-दोन हात दांड्याची कुऱ्हाड वाड्यातल्या सरपणासाठी ठीक. एका रात्रीच्या जळणाला ती जड जाते.

लहान कुऱ्हाड सुरक्षित असते असं सगळ्यांना वाटतं. ते खरं नाही. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुधा जमिनीत जाते. आखूड दांड्याची चुकली तर तिचा फेरा थेट नडगीवर किंवा गुडघ्यावर येतो. म्हणून वीत-दीड वीत दांड्याची कुऱ्हाड उभं राहून कधीच चालवायची नाही. गुडघे टेकून बसायचं, ठोकळा समोर ठेवायचा.

पात्याचा आकार: पातळ पातं खोल शिरतं, पण लाकूड उकलत नाही, तिथेच रुतून बसतं. गालांना जरा फुगीर, पाचरीसारखं पातं आत शिरताच लाकूड दोन्ही बाजूंना ढकलतं. तोडायचं काम करवतीवर सोपवल्यामुळे आपल्याला फोडणारी, म्हणजे जराशी फुगीर कुऱ्हाड घेता येते. दोन्ही हत्यारं मिळून निवडण्याचा फायदा तो हा.

दांडा: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आपण ऐकत आलो. तो दांडा कुठल्या लाकडाचा यावर गावाकडे अजूनही तासभर चर्चा होते. धावडा आणि तिवस सगळ्यात वर. कडक असूनही लवचीक, घावाचा झटका हाताला देत नाहीत. बाभळीचा दांडाही चालतो. दांड्याच्या टोकाकडून पाहा. धागे पात्याच्या दिशेने, टोकापासून टोकापर्यंत अखंड जायला हवेत. धागे तिरपे होऊन मध्येच बाहेर निघत असतील तर दांडा तिथेच मोडणार. रंग लावलेला दांडा घेऊ नका. रंगाखाली गाठ आणि भेग दोन्ही लपतात, शिवाय घामाने तो हातातून निसटतो.

शेवटी नेढं पाहा, म्हणजे दांडा जिथे बसतो ते भोक. दांडा त्यात पूर्ण भरलेला हवा आणि वरून पाचर ठोकलेली हवी. आपली हिवाळ्यातली हवा कोरडी. दांडा आकसतो आणि पावसाळ्यात घट्ट असलेलं पातं जानेवारीत हलायला लागतं. तेव्हा सगळे एकच सल्ला देतात: रात्रभर पाण्यात ठेव. लाकूड फुगतं, सकाळी पातं घट्ट वाटतं. पण फुगलेले धागे नेढ्याच्या लोखंडाशी चिरडले जातात आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा सैल होतं. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी पातं उडून जाण्याचं हे नेहमीचं कारण. नवी पाचर ठोका आणि दांड्याचं टोक जवसाच्या तेलात दोन दिवस बुडवून ठेवा. पातं हलतंय असं वाटलं तर त्या कुऱ्हाडीने एकही घाव घालू नका.

५. घरात कोयता असेल तर

निम्म्या नाशिककरांच्या घरी किंवा गावी तो असतोच. मनगटाएवढ्या फांद्या साफ करायला आणि बारीक काड्या काढायला कोयत्यासारखं हत्यार नाही. करवत आणि कोयता एवढ्यावर आमचे कितीतरी मुक्काम झाले आहेत. पातं लाकडाच्या तोंडावर ठेवायचं आणि पाठीवर लाकडी मोगरीने ठोकायचं. जाड ओंडका फोडायचा प्रयत्न करू नका, मूठ निखळते. आणि शहरातून नेताना तो गुंडाळून डिकीच्या तळाशी ठेवा. दुचाकीला अडकवून संध्याकाळी रस्त्याने नेलेला कोयता पाहून पोलिसांनी थांबवलं तर त्यांची चूक नाही.

६. धार

मुक्कामाच्या आधी घरी लावा, तिथे गेल्यावर नाही. कुऱ्हाडीला आधी कानस, मग दगड. कानस धारेच्या दिशेने ढकलायची, परत आणताना उचलायची. जाड मोजा घाला, कारण कानस सटकली की बोटं थेट धारेवर येतात. जत्रेतल्या फिरत्या चाकावर फार वेळ धरू देऊ नका. ठिणग्यांत पातं निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा. फोडायच्या कुऱ्हाडीला केस कापणारी धार लागत नाही. वर्तमानपत्राचा कागद न फाटता चिरला गेला की पुरे. छाटणीच्या करवतींना घरी धार लावणं कठीण आहे. बोथट झाली की पातं बदला.

७. मुक्कामावर: ओंडक्यापासून काडीपर्यंत

पोचल्या पोचल्या आधी जळण, मग चहा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचला कुऱ्हाड म्यानात गेली पाहिजे. अंधारात, डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात घाव घालू नका. आणि ज्यांनी त्या दिवशी मद्य घेतलं आहे त्यांच्या हातात हत्यार द्यायचं नाही. हा नियम निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे तिथे वाद होत नाही.

बांधावरचा लाकडाचा ढीग हाताने उचकटू नका. फुरसं, घोणस, मण्यार आणि विंचू यांना थंडीत अशीच जागा आवडते. लांब काठीने लाकूड आधी आपल्याकडे लोळवा, खाली काय आहे ते पाहा, मग उचला. पायात बंद बूट हवेतच.

आता कापणं. ओंडका दोन दगडांवर ठेवून मधोमध कापायला घेतला तर तो खाली दबतो, चीर मिटते आणि करवत आवळली जाते. त्याऐवजी टोक आधाराच्या बाहेर काढा आणि बाहेरचा भाग कापा. तुकडा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि चीर उघडत जाते. पहिल्या चार-पाच ओढी सावकाश, खाच पडेपर्यंत. मोकळा हात पात्यापासून लांब. तुकडे दीड वीत लांबीचे करा, ते फोडायलाही सोपे आणि शेकोटीतही नीट बसतात.

फोडताना भोवती दोन हात आणि एक कुऱ्हाड एवढ्या अंतरात कोणीही नको. मुलांसाठी जमिनीवर काठीने गोल आखा. तुकडा ठोकळ्याच्या मध्यावर न ठेवता पलीकडच्या कडेला ठेवा, म्हणजे नेम चुकला तरी पातं ठोकळ्यात बसेल, तुमच्या पायात नाही. आधीच असलेली भेग शोधा आणि घाव तिच्यावर घाला. गाठ चुकवा. जाड तुकड्याच्या मध्यावर न मारता कडेकडेच्या फळ्या काढत आत या.

तुकडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने घाव घालणं, बोटं जातात ती इथेच. मामांची पद्धत वापरा. कुऱ्हाडीची धार तुकड्याच्या तोंडावर आधीच टेकवा, दोन्ही एकत्र धरून उचला आणि एकत्रच ठोकळ्यावर आपटा. धार आत शिरते. मग दांडा जरासा पिळला की तुकडा उकलतो. यात नेम धरायचाच नसतो, म्हणून चुकायचं कारणही उरत नाही. नवख्यांनी पहिल्या मुक्कामाला सगळं याच पद्धतीने फोडावं.

पातं रुतून बसलं तर दांडा आडवा हिसकू नका आणि मागच्या माथ्यावर दगडाने किंवा दुसऱ्या कुऱ्हाडीने मारू नका. नेढं फाकतं आणि पोलादाची कपची डोळ्यात उडू शकते. लाकडी मोगरी चालते.

चार ढीग लावा: काडीएवढ्या, बोटाएवढ्या, अंगठ्याएवढ्या आणि मनगटाएवढ्या फाटी. पहिले तीन ढीग तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट करा. पेटवताना कमी पडतात ते हेच. रात्री सगळं ताडपत्रीखाली ठेवा, नाहीतर सकाळच्या चहाला दवाने भिजलेल्या काड्या मिळतात.

झोपताना निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं तंबूत नेऊ नका, कितीही हुडहुडी भरली तरी. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची बाटली पांघरुणात घ्या.

८. पिशवीत काय काय

- घडीची किंवा चौकटीची करवत, पात्यावर उभी चिरलेली जुनी पाण्याची नळी
- कुऱ्हाड, चामड्याच्या म्यानात. चपला शिवणारे कारागीर मापाने शिवून देतात
- लाकडी मोगरी, एक जादा पाचर, छोटी कानस, धारेचा दगड
- जाड हातमोजे, बंद बूट, डोळ्यांवर साधा चष्मा
- ताडपत्री, पाण्याचे दोन भरलेले कॅन, फावडं
- जखमेवर दाबायला जाड कापसाची गादी आणि रुंद बँडेज

खोल जखम झाली तर धुवत बसू नका. कापूस ठेवून घट्ट दाबा, अवयव वर उचलून धरा आणि १०८ ला फोन लावा. वैतरणेच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. ती कुठवर मिळते हे येतानाच पाहून ठेवा आणि एक गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी करा.

निघताना राखेवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता आणि हाताचा मागचा भाग राखेजवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर अजून पाणी. पाती दवाने एका रात्रीत तांबूस होतात, म्हणून गाडीत ठेवण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा आणि घरी गेल्यावर तेलाचा हात फिरवा. उरलेली फाटी मालकांच्या ओट्याशी नीट रचून ठेवा. भावलीच्या त्या शेतात आता आम्ही दर वर्षी जातो आणि मागच्या वेळी उरलेली सुबाभूळ आमच्यासाठी गोठ्याच्या वळचणीला वाळत ठेवलेली असते.